झिपरीने नळीत काय पाहिलं

सोमवारी सकाळी बसच्या पाठीवर आपलीच मुलगी चिकटलेली दिसली, तेव्हा ड्रायव्हरला आधी वाटलं, आपली झोप अजून उतरलेली नाही. बस नुकतीच धुऊन डेपोच्या अंगणात आणून लावली होती. पाण्याचे ओघळ अजून खाली येत होते, आणि त्या ओघळांतून, इंजिनाच्या झाकणापासून पार मागच्या काचेपर्यंत, त्याची झिपरी एका मायक्रोस्कोपवर वाकून हसत होती. केस नेहमीसारखे दाही दिशांना. इंजिनाची जाळी नेमकी हनुवटीवर आलेली. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘विज्ञानाकडे वळा, पुढे चला!’

तसं त्याला अगदीच काही माहीत नव्हतं असं नाही. महिन्याभरापूर्वी झिपरीच्या शाळेत फोटो काढणारी माणसं येऊन गेली होती. विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकायला येणारी मुलं दरवर्षी कमी होत चालली आहेत, म्हणून शिक्षण खात्याने काहीतरी मोहीम काढली होती. पालकांची परवानगी हवी म्हणून एक कागद घरी आला, ड्रायव्हरने चहा पिता पिता त्यावर सही ठोकली आणि विसरून गेला. फार तर शाळेच्या फळ्यावर लावतील, असं त्याला वाटलं होतं. चाळीस बसच्या पाठीवर लावतील आणि त्यातली एक आपल्याच वाट्याला येईल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

त्याच्या बसवरचा कंडक्टर अकरा वर्षांपासूनचा जोडीदार होता. तो कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला.

“आयुष्यभर ‘पुढे चला, पुढे चला’ म्हणून मी घसा फोडला, एक माणूस हलला नाही,” तो म्हणाला. “तुझी पोरगी बघ, नुसती हसून सांगतेय!”

त्या दिवशी ड्रायव्हरची छाती शर्टात मावेना. गंमत अशी, की अख्ख्या गावाला त्याची मुलगी दिसत होती आणि नेमकी त्यालाच दिसत नव्हती. आरशात मागची गाडी दिसे, गाडीतल्या माणसाची नजर वर लागलेली दिसे, एवढंच. शेवटच्या थांब्यावर तो उतरून मागे जाई आणि फडक्याने तिची हनुवटी पुसून येई, कारण जाळीतून धुराची काजळी सारखी तिथेच बसायची. इतर ड्रायव्हर शेजारी गाडी लावून ओरडत, “काय रे, लेक पुढे चला म्हणते आणि बाप सिग्नलला उभा!” तोही हसे. त्याचं गणित सरळ होतं. शाळेत चारशे मुलं. त्यातून निवडली कुणाला? झिपरीला. म्हणजे पोरीत काहीतरी असणार, ते आपल्याला कळलं नाही, शिकलेल्या माणसांना कळलं.

गुरुवारी त्याची पाळी दुपारीच संपली. घराची पुढची खोली त्या वेळी खोली नसायचीच. बायको तिथे पाळणाघर चालवायची. नऊ पोरं गाद्यांवर झोपलेली होती आणि झिपरी कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला लावून, एक कागद बघत बसली होती. पुढच्या वर्षी कुठली शाखा घेणार, त्याचा तो फॉर्म. वर नाव, पत्ता, सगळं सुवाच्य अक्षरांत भरलेलं. खाली तीन चौकोन. तिन्ही कोरे.

“अजून भरला नाहीस?” तो दबक्या आवाजात म्हणाला. “विज्ञानाच्या चौकोनात खूण कर की. त्यात विचार कसला?”

“मला माहीत नाही, बाबा.”

“काय माहीत नाही?”

“मला विज्ञान घ्यायचं आहे की नाही, ते.”

ड्रायव्हर दुसऱ्या बुटक्या खुर्चीवर बसला. खुर्ची करकरली. एका पोराने कूस बदलली, तसा त्याने आवाज आणखी खाली आणला.

“मग फोटोसाठी तुला कशी निवडली?”

“केसांमुळे.”

“काय?”

“खरंच, बाबा. ते वर्गात आले, सगळीकडे नजर फिरवली, आणि त्या बाई म्हणाल्या, ‘ती बघा, ती केसवाली छान दिसेल.’ मग मला खिडकीपाशी बसवलं. म्हणाले, नळीला डोळा लाव, आता हस, अजून हस, फार दात नकोत. संपलं.”

“आणि नळीत काय दिसत होतं?”

“काहीच नाही. अंधार होता.”

चार दिवस तो ज्या गोष्टीवर छाती काढून हिंडत होता, ती गोष्ट केसांची निघाली होती. पण पोरगी तर तीच होती आणि बसही तीच. मग बदललं काय? त्याला नीट सांगता आलं नसतं. मुख्याध्यापिका तिला म्हणाल्या होत्या, “तू तर आता विज्ञानच घेणार, नाही का!” वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आपल्या मुलीला तिचं उदाहरण दिलं होतं. झिपरी आता केस घट्ट बांधून, वर रुमाल गुंडाळून शाळेत जात होती, हेही त्याला बायकोकडून त्याच दिवशी कळलं.

“नको असेल तर नको घेऊ,” तो शेवटी म्हणाला.

“नको आहे असंही नाही,” झिपरी रडकुंडीला येऊन म्हणाली. “मला कळतच नाहीये. घेतलं तर लोक म्हणतील फोटोमुळे घेतलं. नाही घेतलं तर म्हणतील फोटो खोटा. मला स्वतःला काय वाटतं, ते सापडतच नाही मला.”

फॉर्म पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायचा होता.

शनिवारी ती त्याच्याच बसने आजोळी निघाली होती. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली होती, रुमाल बांधून. एका थांब्यावर सात-आठ वर्षांची एक मुलगी आईचा हात धरून चढली. तिने झिपरीकडे एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग सरळ तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

“तू मागची आहेस ना? बसच्या मागची?”

झिपरीने होय अशी मान हलवली. करते काय!

“त्यात काय दिसत होतं?”

ड्रायव्हरचे कान मागे लागले. सिग्नल हिरवा झाला तरी त्याचा पाय हलला नाही.

“पेशी,” झिपरी म्हणाली.

“कशा असतात त्या?”

“छान असतात.”

“मोठी झाले की मी पण बघणार,” ती मुलगी आईला म्हणाली, आणि आईने झिपरीकडे असं काही कौतुकाने पाहिलं, की झिपरी पुढच्याच थांब्यावर उतरून घरी परतली. आजोळ अजून सहा थांबे लांब होतं. त्या दिवशी ती दोन्ही वेळ धड जेवली नाही. आईने खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, “मी त्या लहान मुलीला खोटं सांगितलं.”

ड्रायव्हरला मुलीच्या मनातलं सगळं कळत नव्हतं, पण यातली एक गोष्ट मात्र त्याला कळली. हिने नळीला डोळा लावला होता आणि तिला काही दिसलं नव्हतं. म्हणजे ज्या मायक्रोस्कोपवर फोटो काढला, तो शोधायचा, दिवा लावायचा, आणि पोरीला एकदा धड दाखवायचं. मग तिचं खोटं खरं होईल. फॉर्मचं पुढे बघू. गाडी बंद पडली की तो असाच विचार करायचा. आधी चावी फिरवून बघायची.

सोमवारी पाळी संपल्यावर तो गणवेशातच शाळेत गेला. विज्ञानाच्या शिक्षिकेने कपाट उघडून दाखवलं. आत एक मायक्रोस्कोप होता खरा, पण त्याचा आरसा फुटलेला आणि पट्टीवर कुणीतरी शाईने स्वतःचं नाव लिहिलेलं.

“फोटोतला हा नाही,” ती म्हणाली. “तो फोटोवालेच घेऊन आले होते, आणि घेऊन गेले. तेवढ्या अर्ध्या तासात मी त्याला हात लावीन म्हटलं, तर तेही नाही. नाजूक आहे म्हणाले.” आणि मग जरा चाचरत तिने विचारलं, “तुम्हाला मिळाला, तर आम्हालाही दोन दिवस मिळेल का?”

मंगळवारी तो मोहिमेच्या कार्यालयात गेला. तिथे टेबलाच्या पलीकडे बसलेल्या बाईंच्या मागे भिंतभर झिपरी होती, इंजिनाच्या जाळीशिवाय, एकदम स्वच्छ.

“तुम्ही हिचे वडील!” बाई उठूनच उभ्या राहिल्या. “अहो, फार छान प्रतिसाद आहे हिला.”

“तो मायक्रोस्कोप कुठे मिळेल?”

“कुठला?”

“हा.” त्याने भिंतीकडे बोट केलं.

बाईंनी मागे वळून असं पाहिलं, जणू तो मायक्रोस्कोप त्यांना आज पहिल्यांदाच दिसत होता. “तो... भाड्याने आणला होता बहुतेक. पण तो तुम्हाला कशाला हवाय?”

“पोरीला त्यातून बघायचंय.”

“पण तिने पाहिलंय की,” बाई म्हणाल्या आणि पुन्हा फोटोकडे बघू लागल्या. दोघेही काही वेळ फोटोकडे बघत राहिले. बाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मग त्यांनी एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला.

तो पत्ता नाटका-सिनेमाला सामान पुरवणाऱ्या दुकानाचा निघाला. आत सिंहासनं होती, पंधरा-वीस टेलिफोन होते, थर्माकोलचे खांब होते. दुकानदाराने स्टुलावर चढून वरच्या फळीवरून मायक्रोस्कोप काढला आणि एका हाताने, पिशवी द्यावी तसा, खाली दिला. ड्रायव्हरने दोन्ही हात पुढे केले, पण वस्तू इतकी हलकी होती की त्याचे हात उगाच वर गेले.

“याच्यात काचा नाहीत?”

“काचा कशाला?” दुकानदाराला प्रश्नच कळला नाही. “मालिकांमध्ये जातो हा. डॉक्टर, शास्त्रज्ञ, कधी कधी गुप्तहेर. आजवर एकानेही तक्रार केली नाही.”

ड्रायव्हरने नळी डोळ्याला लावली. दुसऱ्या टोकाला रंग मारून छिद्र बुजवलेलं होतं.

तो घरी आला तेव्हा त्याचं डोकं पार भणभणलं होतं. सरकारी खातं, चाळीस बस, शाळा, कार्यालय, सगळे मिळून लोकांना एका बुजलेल्या नळीत बघायला सांगत होते, आणि यात कुणी लबाडी केली होती असंही दिसत नव्हतं. सगळी माणसं चांगली होती. मग चुकलं कुठे? पाळणाघरातलं शेवटचं पोर नुकतंच गेलं होतं, बायको गाद्या आवरत होती. त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं.

बायकोने गादीची घडी घातली, ती भिंतीशी ठेवली आणि म्हणाली, “अहो, तुमच्या ताई दिवसभर दुसरं काय करतात?”

ड्रायव्हरने कपाळावर हात मारून घेतला.

त्याची थोरली बहीण मोठ्या इस्पितळात होती. बावीस वर्षं होती. कुणी विचारलं की तो सांगायचा, “ताई इस्पितळात असते,” आणि विषय संपायचा. ती डॉक्टर नाही, नर्स नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. रक्ताचं काहीतरी बघते, हेही ठाऊक होतं. पण ‘बघते’ म्हणजे कशातून बघते, याचा त्याने कधी विचारच केला नव्हता.

बुधवारी तो झिपरीला घेऊन तिथे गेला. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती, लांबट, खिडक्यांची. एका बाजूला कपाटाएवढी यंत्रं घुमत होती, नळ्या गिळत होती आणि कागद बाहेर टाकत होती. शेवटच्या टेबलाशी ताई बसली होती, पांढरा कोट, नाकाच्या शेंड्यावर चष्मा.

“या, पोस्टरवाल्या बाई,” ती झिपरीला म्हणाली. “रोज चार वेळा या खिडकीखालून जातेस. मायक्रोस्कोपची फिरवायची चकती दाराच्या मुठीसारखी धरलीयस गं तू! पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या हसून हसून लोळलो.”

“मग फोन नाही का करायचा, ताई?” ड्रायव्हर म्हणाला.

“आणि काय सांगायचं? बावीस वर्षांत तू एकदा तरी विचारलंस का, मी इथे काय करते?”

ड्रायव्हरने बघायला जागा शोधली. टेबलावर काचपट्ट्यांचा ट्रे होता, तिकडे बघितलं.

“आत्या, ती यंत्रं मोजतात ना सगळं?” झिपरीने विचारलं. “मग तू काय करतेस?”

“यंत्राला कळतं ते यंत्र मोजतं,” आत्या म्हणाली. “त्याला कळलं नाही की ते माझ्याकडे पाठवतं. बोट आण.”

तिने झिपरीच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला आणि दुसऱ्या पट्टीच्या कडेने एका झटक्यात तो पसरवला, इतका पातळ की काचेवर नुसता श्वास पडल्यासारखा वाटावा. पट्टी वाळवली, तिच्यावर जांभळा रंग ओतला, घड्याळ बघितलं, पाण्याखाली धरली, पुन्हा वाळवली. मग तिने तेलाचा एक थेंब टाकून पट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवली, दिवा लावला आणि खुर्ची सोडली.

“बघ.”

झिपरी वाकली. बराच वेळ वाकून राहिली.

“काय दिसतंय?” ड्रायव्हरला राहवेना.

“काळ्या काड्या. उभ्या, वाकड्या. हलतायत पण!”

“त्या तुझ्या पापण्या,” आत्या म्हणाली. “सगळ्यांना आधी स्वतःच्या पापण्याच दिसतात. जरा मागे हो. हां. आता ती चकती हळू फिरव. हळू म्हणजे माझ्या आईच्या चालीने.”

झिपरीने फिरवली. नुसता तिचा हात तेवढा हलत होता, मिलिमीटर इकडे, मिलिमीटर तिकडे.

“पुष्कळ आहेत,” ती शेवटी म्हणाली. “गुलाबी, गोल गोल, मध्ये फिक्या. आणि मध्येच एखादी मोठी जांभळी.”

“गुलाबी त्या तांबड्या पेशी. जांभळ्या दिसतात त्या पांढऱ्या.”

“तांबड्या गुलाबी आणि पांढऱ्या जांभळ्या?” ड्रायव्हर म्हणाला.

“तू गप्प बस रे,” ताई म्हणाली. तिने टेबलावरचं एक बटणांचं छोटं यंत्र झिपरीपुढे सरकवलं. “त्या जांभळ्या मोज. ज्यांच्या आतला गड्डा तुकड्यातुकड्यांचा आहे, त्यांना हे बटण. ज्यांचा एकच गोल आहे, त्यांना ते. कळलं नाही की हे तिसरं. शंभर झाल्या की घंटी वाजेल.”

झिपरीला घंटीपर्यंत पोचायला पाऊण तास लागला. मध्ये दोनदा वाट चुकून ती पहिल्यापासून सुरू झाली. ड्रायव्हर स्टुलावर बसून तिच्या पाठीकडे बघत होता. रुमाल केव्हाच गळून पडला होता. मग आत्या बसली. बोटं टकटकली, तीन-चार मिनिटांत घंटी. मोजता मोजता ती शेजारणीशी सुट्टीच्या अर्जाबद्दल बोलतही होती.

“तुझ्या तुकडेवाल्या एक्केचाळीस. माझ्या बासष्ट,” आत्या म्हणाली. “आणि तिसऱ्या बटणावर तुझ्या चोवीस. माझी एक.”

“मग माझं कुठे चुकलं?”

“ते मला कसं कळणार? तू कशाला काय म्हणालीस, ते तुलाच माहीत. बघ परत.”

“आणि तुझी ती एक कुठली?”

आत्याने पट्टी थोडी सरकवली आणि बाजूला झाली. “ही. बघ. मला नाही सांगता येत.”

“तुला पण?”

“मला पण. तू ठणठणीत आहेस, काळजी करू नकोस. कधी कधी पेशी पट्टीवर पसरवतानाच फाटते. पण ही फाटलीय की मुळातच अशी आहे, हे मी छातीठोक सांगू शकत नाही.”

झिपरी पुन्हा वाकली. ड्रायव्हरने घड्याळ पाहिलं, ताईने त्याच्याकडे पाहून मान हलवली, आणि तो बसून राहिला.

परतीच्या वाटेवर दोघं दुसऱ्याच कुणाच्या तरी बसने निघाले, प्रवासी म्हणून. झिपरी खिडकीबाहेर बघत होती. आता ही काहीतरी सांगेल, किती सुंदर दिसलं, असं काहीतरी, म्हणून ड्रायव्हर वाट बघत होता. ते तिने सांगितलंच नाही. घरी आल्यावर बुटक्या खुर्चीवर बसली, फॉर्म गुडघ्यावर घेतला आणि विज्ञानाच्या चौकोनात खूण केली.

“आवडलं तर!” तो म्हणाला.

“माझे एकवीस चुकले, बाबा.”

“म्हणून?”

“म्हणून.”

त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने खांदे उडवले. चुकलं की माणूस ती गोष्ट सोडतो, हे त्याला कळत होतं. लहानपणी गणितात दोनदा नापास झाल्यावर त्याने स्वतः तेच केलं होतं. चुकलं म्हणून धरणारी पोर आपल्या घरात कुठून आली?

महिन्याभराने सगळ्या बसवरचे फोटो खरवडून काढले आणि तिथे रंगाच्या डब्यांची जाहिरात आली. मोहिमेमुळे किती मुलं विज्ञानाकडे वळली, ते ड्रायव्हरला कळलं नाही. नवं वर्ष सुरू झालं तेव्हा झिपरीच्या विज्ञानाच्या वर्गात मात्र सव्वीस मुलं होती, गेल्या वर्षी अठरा होती म्हणे. ती का वाढली, ते शिक्षिकेलाही ठाऊक नव्हतं.

पहिल्या चाचणीत झिपरी भौतिकशास्त्रात कशीबशी काठावर पास झाली. आपण तिला तिथे नेलं नसतं तर? दोन दिवस त्याने मनातल्या मनात वाक्यं जुळवली आणि तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, “हे बघ, अजून शाखा बदलता येते. कुणी काही म्हणणार नाही.”

“माहीत आहे,” झिपरी म्हणाली आणि जेवत राहिली. मग एकदम मान वर करून तिने विचारलं, “बाबा, तुमच्या बसचे ब्रेक हवेवर चालतात ना?”

“हो. का?”

“मग हवा गळून गेली, तर बस थांबतच नसेल.”

“छे! उलट चाकं जाम होतात. टाकीतली हवा संपली की गाडी जागची हलत नाही.”

“म्हणजे हवा असली की ब्रेक लागतो, आणि हवा नसली तरी ब्रेक लागतो?”

“हो,” ड्रायव्हर म्हणाला.

वीस वर्षं तो बस चालवत होता. हवा कमी झाल्याचा बझर त्याला आईच्या हाकेइतका ओळखीचा होता. चाकं जाम झालेली त्याने स्वतः कितीदा तरी पाहिली होती. पण पोरगी म्हणते तसं धरलं तर ते खरंच कसं काय जमत होतं? त्याने घास तसाच हातात धरला.

“असं कसं, बाबा?”

“वर्कशॉपमध्ये मेकॅनिकला विचारावं लागेल,” तो म्हणाला. “उद्या विचारतो.”

“मी पण येते.”

“मी पहाटे साडेपाचला निघतो.”

“मग पाचला उठवा,” झिपरी म्हणाली, आणि तिने आईपुढे ताट सरकवलं, अजून वाढ म्हणून.